किंमत लावली, मजुरी राहिली

आफ्रिकेतून नेऊन गुलाम केलेल्या माणसांच्या वंशजांना भरपाई देण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: ‘झालं ते वाईटच झालं, पण दोनशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीचा आता हिशोब कसा करणार?’ वाक्य समंजस वाटतं. बोलणारा गुलामगिरीचा समर्थक नसतो, त्याला मनापासून वाईटही वाटत असतं. हिशोबाचं नाव काढलं की मात्र त्याचा हात कपाळाला जातो. माझी अडचण एवढीच आहे की हा हिशोब एकदा झालेला आहे. पौंड, शिलिंग, पेन्सपर्यंत झालेला आहे. त्यासाठी ब्रिटिश सरकारने कचेरी उघडली, कारकून बसवले, हरकती मागवल्या, सुनावण्या घेतल्या आणि काही वर्षांत बहुतेक पैसे वाटूनही टाकले. ते पैसे मालकांना मिळाले.

ऑगस्ट १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेने वसाहतींमधली गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला आणि १ ऑगस्ट १८३४ ला तो अमलात आला. कॅरिबियन बेटं, मॉरिशस, दक्षिण आफ्रिकेतली केप वसाहत मिळून सुमारे ८ लाख माणसं या कायद्याखाली आली. (ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून चक्क वगळला होता.) ही माणसं कायद्याने ‘मालमत्ता’ होती, आणि मालमत्ता काढून घ्यायची तर मोबदला द्यायला हवा, हे तेव्हाच्या संसदेत जवळजवळ सर्वांनाच मान्य होतं. मोबदला ठरला २ कोटी पौंड. त्या काळच्या सरकारी वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के भरेल एवढी ही रक्कम. सरकारकडे एवढे पैसे नव्हते, म्हणून १८३५ मध्ये नेथन रॉथशिल्ड आणि मोझेस माँटेफिओरी या लंडनच्या सावकारांमार्फत दीड कोटी पौंडांचं कर्ज उभारलं. ते पुढे दुसऱ्या कर्जरोख्यांत मिसळत गेलं आणि ब्रिटिश खजिन्याच्याच म्हणण्याप्रमाणे त्याची शेवटची फेड २०१५ मध्ये झाली. म्हणजे विसाव्या शतकात जमैका-बार्बाडोसहून लंडनला येऊन बस चालवणाऱ्या, इस्पितळात परिचारिका म्हणून राबणाऱ्या माणसांनी जो कर भरला, त्यातला काही भाग त्यांच्या पणजोबांच्या मालकांना दिलेल्या मोबदल्याच्या फेडीत गेला.

त्या हिशोबाचे कागद आजही लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ते कसे होते हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. प्रत्येक दाव्यात माणसांची वर्गवारी होती. शेतावरचे आणि शेताबाहेरचे असे आधी मोठे भाग. मग त्यात मुकादम, कारागीर, दुय्यम कारागीर, शेतमजूर, दुय्यम शेतमजूर, घरकामाचे नोकर. ६ वर्षांखालची मुलं वेगळ्या रकान्यात. सर्वांत शेवटी म्हातारे, आजारी आणि ‘अन्यथा निरुपयोगी’. प्रत्येक रकान्याला दर होता, आणि तो त्या त्या वसाहतीत १८२२ ते १८३० या काळात गुलाम ज्या भावाने विकले गेले त्यावरून काढला होता. त्यामुळे जमैकात माणशी सरासरी सुमारे २० पौंड पडले, तर ब्रिटिश गयानात ५० च्या वर. गयानातल्या माणसात काही जास्त होतं असं नाही. तिथली जमीन नवी आणि सुपीक होती, ऊस भरघोस यायचा, आणि १८०७ ला आफ्रिकेतून माणसं आणण्याचा व्यापार बंद झाल्यापासून तिथे हातांचा तुटवडा होता. बाजारभावाचं साधं गणित.

आता त्या ‘निरुपयोगी’ रकान्याकडे पुन्हा पाहा. एखादी बाई वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापासून गवत उपटणाऱ्या पोरांच्या टोळीत, मग दुसऱ्या टोळीत, मग पहिल्या टोळीत उसाच्या लागवडीचे खड्डे खणत चाळीस वर्षं राबली, कंबर गेली, डोळे गेले, की ती या रकान्यात यायची. तिच्या मोबदल्यात मालकाला सर्वांत कमी रक्कम मिळायची. तिने आयुष्यात केलेलं सगळं काम तेव्हा मालकाच्या खिशात जाऊन बसलेलं होतं. हिशोबाला ती आली ती रिकामी होऊन. उलट पंचविशीतला धडधाकट माणूस, ज्याने अजून निम्मंच आयुष्य मालकाला दिलं होतं, त्याचा दर वरचा. मोजली जात होती ती पुढे मिळू शकली असती अशी मेहनत. आधी घेतलेल्या मेहनतीसाठी त्या कागदावर रकानाच नव्हता.

मला जे म्हणायचं आहे ते एवढ्यात आलं. माणसाची किंमत आणि माणसाची मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा हिशोब पै न् पै झाला, दुसरीचा कधी मांडलाच गेला नाही. आज जे ‘हिशोब अशक्य आहे’ म्हणतात ते नकळत पहिल्या हिशोबाची पद्धत डोळ्यांपुढे ठेवून दुसऱ्याबद्दल बोलतात.

मोबदला कुणाला मिळाला? सुमारे ४६ हजार दावे होते. त्यात मोठे मळेवाले होते तसे इंग्लंडच्या खेड्यातले पाद्री, निवृत्त नौदल अधिकारी, आणि एखाद-दुसऱ्या गुलामाच्या भाड्यावर जगणाऱ्या विधवाही होत्या. निम्म्याच्या आसपास रक्कम ब्रिटनमध्येच राहणाऱ्या सुमारे ३ हजार लोकांकडे गेली. त्यांतल्या अनेकांनी आपला मळा कधी पाहिलाही नव्हता. मळा गहाण असेल तर पैसे सावकार व्यापाऱ्याला. चर्चची धर्मप्रसार संस्था बार्बाडोसमधल्या कॉड्रिंग्टन मळ्याची मालक होती; अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे माणसांच्या छातीवर ‘सोसायटी’ हा शब्द तापल्या लोखंडाने डागत. तिलाही चारशेहून अधिक माणसांचे सुमारे ८,८०० पौंड मिळाले.

लिव्हरपूलचा जॉन ग्लॅडस्टन हा मोठ्या दावेदारांपैकी एक. २,५०८ माणसांचे १ लाख ६ हजारांवर पौंड. त्याच्याच ‘सक्सेस’ नावाच्या मळ्यावरून १८२३ चा डेमेराराचा (म्हणजे ब्रिटिश गयानातल्या गुलामांचा) उठाव पेटला होता, आणि उठाव चिरडल्यावर क्वामिना या वृद्ध सुताराचं प्रेत त्याच मळ्यापुढे टांगून ठेवलं होतं. जॉन ग्लॅडस्टनचा मुलगा विल्यम पुढे चार वेळा ब्रिटनचा पंतप्रधान झाला. १८३३ मधलं त्याचं संसदेतलं पहिलं महत्त्वाचं भाषण वडिलांच्या मळ्याच्या बचावाचं होतं. पण मला खटकतं ते यापुढचं. जानेवारी १८३६ मध्ये जॉन ग्लॅडस्टनने कलकत्त्याच्या एका व्यापारी पेढीला पत्र पाठवून मजूर मिळतील का म्हणून विचारलं. पेढीने होकार कळवला. ५ मे १८३८ ला ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही दोन जहाजं ब्रिटिश गयानाला लागली. त्यांत पाच वर्षांच्या कराराने बांधलेले भारतीय मजूर होते, त्यांतले कित्येक छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातले. गिरमिटियांची तिकडची कहाणी इथून सुरू होते. काळ्या माणसांना मोकळं केल्याबद्दल मिळालेली भरपाई गाठीशी, आणि त्यांच्या जागी आणायला नवी स्वस्त माणसं हाताशी. मोकळ्या झालेल्या माणसाला आता मजुरीवरून घासाघीस करता आली असती. ती वाटही बंद झाली.

ज्यांना ‘मोकळं’ केलं त्यांचंही पाहू. १ ऑगस्ट १८३४ ला ६ वर्षांखालची मुलंच खरोखर मोकळी झाली. बाकीचे ‘उमेदवार’ झाले, म्हणजे जणू स्वातंत्र्याचं काम शिकणारे शिकाऊ. शेतावरच्यांनी ६ वर्षं आणि इतरांनी ४ वर्षं त्याच मालकाकडे राबायचं, आठवड्याला ४५ तासांपर्यंत, बिनपगारी. जन्मभर उसाच्या चरकात राबलेल्या माणसाला कशाची उमेदवारी करायची होती कोण जाणे. काम कमी पडलं तर जमैकाच्या तुरुंगांत पायचक्कीवर चढवत. आरडाओरडा झाला आणि १ ऑगस्ट १८३८ ला हा प्रकार दोन वर्षं आधीच संपला. अँटिगा आणि बर्म्युडा यांनी तो घेतलाच नव्हता. पण गणित लक्षात घ्या: सरकारी मूल्यांकनाप्रमाणे सगळ्या गुलामांची एकूण किंमत साडेचार कोटी पौंडांच्या आसपास होती आणि रोख मिळाले २ कोटी. उरलेल्यातला बराच हिस्सा या बिनपगारी वर्षांतून निघावा अशी व्यवस्था होती. म्हणजे स्वतःच्या सुटकेची किंमत काही अंशी गुलामांनीच चुकती केली.

मेरी प्रिन्स ही बर्म्युडात जन्मलेली बाई. साधारण बारा वर्षांची असताना मालकाला दुसरं लग्न करायचं होतं, त्यासाठी पैसे हवे होते, म्हणून तिला आणि दोन बहिणींना विकायचं ठरलं. आईनेच तिघींना नवे जाडेभरडे कपडे घालून बाजारात नेलं; मुलींना तयार करताना ती म्हणाली की मी माझ्या पोरींना कफन नेसवते आहे. लिलावात लोकांनी मेरीला, खाटीक वासरू पाहतो तसं, चाचपून पाहिलं. बोली वाढत वाढत ५७ पौंडांवर थांबली. तिघी तीन दिशांना गेल्या. पुढे टर्क्स बेटांवरच्या मिठागरात ती काही वर्षं होती. पहाटे चारपासून गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहायचं, पायांना गळवं व्हायची, ती पार हाडापर्यंत जायची. या मिठागरातल्या मिठाचे पैसे झाले, मीठ जहाजांत भरून गेलं, त्याच्या नोंदी झाल्या. मेरीच्या पायांच्या नावावर काही जमा झालं नाही.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अँटिगात मालक-मालकीण बाहेरगावी गेले की ती परक्यांचे कपडे धुवायची, जहाजांच्या कप्तानांना कॉफी आणि कणगर विकायची, जहाजावरचं डुक्कर स्वस्तात घेऊन किनाऱ्यावर दुप्पट भावाने विकायची. असे पैसे साठवून तिने मालकाकडे स्वतःला विकत मागितलं. मालकाने नकार दिला. १८२८ मध्ये त्यांच्याबरोबर लंडनला आल्यावर ती घर सोडून निघाली. इंग्लंडच्या भूमीवर ती मोकळी होती, अँटिगाला पाय ठेवला की पुन्हा गुलाम, आणि नवरा तिकडे. गुलामगिरीविरोधी मंडळींनी पैसे देऊ केले, तरीही मालक विकायला तयार झाला नाही. तिची हकीकत तिच्या तोंडून ऐकून लिहिली गेली आणि १८३१ मध्ये लंडनला छापली गेली. आपल्या श्रमाचा भाव काय आणि आपला भाव काय, हा फरक या बाईला पक्का कळत होता. ज्यांना कळत नव्हता, किंवा कळून घ्यायचा नव्हता, ते कायदा करत होते.

गुलामांना पैशाचा व्यवहार कळत नसे, ते नुसते सोसत, असा एक दयाळू समज आहे. तो चूक आहे. जमैकात मळेवाले गुलामांना पोटाला पुरेसं देत नसत. डोंगरउतारावरचा एखादा तुकडा देऊन ‘तुमचं तुम्ही पिकवा’ म्हणत. शनिवार-रविवारी, मैलोगणती चालून जाऊन, त्या तुकड्यावर ही माणसं कंद, केळी, भाजी पिकवत आणि रविवारच्या बाजारात विकत. बेटावरच्या गोऱ्यांच्या ताटातलं बरंचसं या बाजारातून येई. म्हणजे गुलाम मालकाचा ऊस पिकवत होता, स्वतःचं पोट भरत होता आणि वर शहरालाही खाऊ घालत होता. उसाच्या हंगामात तर गुऱ्हाळ रात्रंदिवस चाले. चरकात ऊस सारणाऱ्या बाईला पेंग आली आणि बोटं रुळांत गेली तर हात तोडून जीव वाचवता यावा म्हणून जवळच कुऱ्हाड ठेवलेली असे. ती कुऱ्हाड तिथे होती, म्हणजे कुणीतरी आधीच हिशोब केला होता.

मजुरीचा हिशोब करता येतो का? एका माणसाने करून दाखवला. जॉर्डन अँडरसन. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या कर्नल अँडरसनच्या शेतावर तो ३२ वर्षं गुलाम होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६४ मध्ये सुटला आणि बायकामुलांना घेऊन ओहायो राज्यातल्या डेटनला आला. युद्ध संपलं, कर्नलच्या शेतावर हात उरले नाहीत, तेव्हा त्याने जॉर्डनला परत बोलावणारं पत्र पाठवलं. ऑगस्ट १८६५ मध्ये जॉर्डनने तोंडी मजकूर सांगून उत्तर धाडलं आणि ते वर्तमानपत्रांत छापून आलं. येतो म्हणाला, पण तुमची नियत कळायला हवी, म्हणून आधी आमचा जुना पगार द्या. माझी ३२ वर्षं, महिना २५ डॉलरप्रमाणे. माझी बायको मँडीची २० वर्षं, आठवड्याला २ डॉलरप्रमाणे. एकूण ११,६८० डॉलर. गुणाकार करून पाहा, चोख आहे. व्याजही लावा म्हणाला. आणि वजावट? तीही केली: आमच्या कपड्यांचा खर्च, डॉक्टरच्या तीन भेटी, मँडीचा एक दात उपटला होता तो. पैसे टपाल-पार्सल पोचवणाऱ्या ॲडम्स एक्स्प्रेसने, डेटनच्या व्ही. विंटर्स यांच्यामार्फत पाठवावेत. टेनेसीत काळ्यांना पगाराचा दिवस कधी नव्हता, जसा घोड्यांना आणि गाईंना नव्हता, असंही त्याने ऐकवलं.

पत्र विनोदी म्हणून फिरतं, आणि ते आहेच. पण हसू ओसरलं की त्यातली शिस्त दिसते. स्वतःचा दर त्याने हवेतून काढलेला नाही. डेटनमध्ये तेव्हा त्याला महिना २५ डॉलरच मिळत होते. मालकाचा खर्च त्याने प्रामाणिकपणे वजा केला. आणि मुलींचा विषय आला तिथे आकडा थांबवला. मोठ्या होत आलेल्या मिली आणि जेनसाठी तिकडे सुरक्षितता आहे का असं विचारताना, बिचाऱ्या मटिल्डा आणि कॅथरीनचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, एवढंच म्हटलं. त्याला रक्कम लावली नाही. कशाचा हिशोब होतो आणि कशाचा होत नाही, हे त्याने एका पत्रात वेगळं केलं. भरपाईवर आज होणाऱ्या कित्येक परिसंवादांपेक्षा मला ते पत्र जास्त स्पष्ट वाटतं.

अमेरिकेतही मालकांचा हिशोब झालेला आहे. एप्रिल १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधले सुमारे ३ हजार गुलाम मुक्त झाले, तेव्हा युद्धात केंद्र सरकारशी एकनिष्ठ राहिलेल्या मालकांना माणशी ३०० डॉलरपर्यंत देण्यात आले. किंमत ठरवायला बाल्टिमोरच्या एका गुलामांच्या व्यापाऱ्याला बोलावलं होतं. त्याच्याहून जाणकार कुठून मिळणार? मुक्त झालेल्या माणसालाही १०० डॉलरपर्यंत मिळू शकत होते, पण अट अशी की त्याने देश सोडून हैती किंवा लायबेरियाला जावं. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या फौजेच्या जनरल शेर्मनच्या हुकुमाने दक्षिणेच्या किनारपट्टीवर सुमारे ४० हजार मुक्त लोकांना जमीन कसायला मिळाली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती जुन्या मालकांना परत केली.

हैतीचं तर उलटंच. तिथल्या गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला, नेपोलियनच्या फौजेला हरवलं आणि १८०४ मध्ये देश स्वतंत्र केला. १८२५ मध्ये फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्सने युद्धनौका पाठवून कळवलं की मान्यता हवी असेल तर जुन्या मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँक द्या. ‘नुकसानी’त जमीन होती, घरं होती आणि माणसंही होती, जी आता नागरिक होऊन हे पैसे भरणार होती. पहिल्या ३ कोटींच्या हप्त्यासाठी फ्रेंच सावकारांकडूनच कर्ज घ्यावं लागलं. हातात पडले २ कोटी ४० लाख, बाकीची दलाली. १८३८ मध्ये रक्कम कमी झाली, पण या कर्जाचं शेपूट १९४७ पर्यंत चाललं. गुलामांनी मालकांना भरपाई द्यायची, हेही जगाने पचवलेलं आहे. मग ‘कसा हिशोब करणार’ या प्रश्नावर हैतीच्या माणसाने काय म्हणावं? २००३ मध्ये अध्यक्ष आरिस्टीड यांनी परतफेडीचा आकडा मांडला, २१ अब्जांहून जास्त डॉलर आणि वर ४८ सेंट. त्या ४८ सेंटवर बरेच जण हसले होते. ग्लॅडस्टनच्या दाव्यातल्या शिलिंग-पेन्सवर कुणी हसल्याचं ऐकलेलं नाही.

आता आक्षेप. आफ्रिकेतल्या राजांनी आणि दलालांनीही माणसं विकली, हे खरं आहे. पण चोरीचा माल विकणारा एक चोर सापडला म्हणून विकत घेणाऱ्याची थकबाकी माफ होत नाही. आणि दोन-अडीचशे वर्षं माल वापरून मळे, बँका, बंदरं उभारणारा दुसऱ्याच बाजूचा होता. सगळ्याच संस्कृतींत गुलामगिरी होती, हेही खरं, आणि त्याने कुठलंच देणं कमी होत नाही. ही मागणी म्हणजे आजकालचं फॅड आहे, हा आक्षेप मात्र सरळ चुकीचा आहे. फेब्रुवारी १७८३ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये बेलिंडा नावाच्या वृद्धेने विधिमंडळाकडे अर्ज केला की आयझॅक रॉयलच्या घरात मी पन्नासेक वर्षं राबले, त्याच्या इस्टेटीत माझ्या घामाचा वाटा आहे. तिला वर्षाला १५ पौंड १२ शिलिंग मंजूर झाले, लवकरच थांबले, आणि ती पुन्हा पुन्हा अर्ज करत राहिली. त्याच रॉयलच्या देणगीतून हार्वर्डमध्ये कायद्याचं अध्यासन निघालं. नॅशव्हिलची धोबीण कॅली हाउस हिने १८९० च्या दशकाअखेर माजी गुलामांना पेन्शन मिळावी म्हणून संघटना बांधली, लाखोंना त्यात आणलं, १९१५ मध्ये गुलामांच्या श्रमातून पिकलेल्या कापसावरच्या कराच्या ६ कोटी ८० लाख डॉलरवर दावा लावला. सरकारने तिच्यावर टपालातून फसवणूक केल्याचा खटला भरला. तर्क असा की पेन्शन कधी मिळणारच नाही, तर तिच्या नावाने वर्गणी गोळा करणं ही फसवणूकच. १९१७ मध्ये तिला एक वर्षाची कैद झाली.

एक आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. पैसे मागताना आपण पुन्हा माणसाला भाव लावत नाही का? मटिल्डा आणि कॅथरीनचं काय? याला माझ्याकडे जॉर्डनचंच उत्तर आहे. जे मोजता येत नाही ते न मोजलेलं राहू द्या. पण त्याच्या आडोशाने जे मोजता येतं तेही माफ करून घेऊ नका. न दिलेला पगार ही मोजता येण्यासारखी गोष्ट आहे. पगाराची मागणी माणूसच करू शकतो. घोडा करत नाही.

कुणी द्यायचं आणि कुणाला, यावर माझं मत असं की डोकी मोजून, रक्ताची तपासणी करून वाटप करण्याचा नाद सोडावा. त्यात मूळ मुद्दा बुडेल. सुरुवात तिथून व्हावी जिथे कागदाची साखळी तुटलेली नाही. आणि ती पुष्कळ ठिकाणी तुटलेली नाही, कारण मालकांनी नोंदी नीट ठेवल्या होत्या. यात एक विचित्र गंमत आहे. १८६० च्या अमेरिकी जनगणनेत ३९ लाखांहून अधिक गुलाम मोजले गेले, पण त्या तक्त्यांत त्यांची नावं नाहीत. वय, लिंग, वर्ण, आणि वर मालकाचं नाव. नावं सापडतात ती मालकाच्या वहीत, गहाणखतात, मृत्युपत्रात. ज्या कागदाने त्यांना वस्तू केलं त्याच कागदावर त्यांचा दावा उभा राहतो. ब्राझीलने १८८८ मध्ये गुलामगिरी संपवली, मोबदला न देता, आणि १८९० मध्ये अर्थमंत्री रुई बार्बोझा यांनी गुलामगिरीची सरकारी दप्तरं जाळण्याचा हुकूम दिला. मालकांना भरपाई मागता येऊ नये हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. हेतू समजू शकतो. पण त्या जाळात दुसऱ्या बाजूचेही पुरावे गेले.

संस्थांच्या बाबतीत हालचाल सुरू झालेली आहे. ग्लासगो विद्यापीठाने २०१९ मध्ये वेस्ट इंडीज विद्यापीठाबरोबर २ कोटी पौंडांचा करार केला. चर्च ऑफ इंग्लंडने २०२३ मध्ये १० कोटी पौंडांचा निधी जाहीर केला, कारण आपल्या जुन्या निधीचा पैसा गुलामांचा व्यापार करणाऱ्या साउथ सी कंपनीत गुंतवलेला होता हे त्यांच्याच हिशोबात निघालं. ग्लॅडस्टनच्या वंशजांनी त्याच वर्षी गयानात जाऊन माफी मागितली. नेदरलँड्सने १८६३ मध्ये सुरिनामच्या मालकांना माणशी ३०० गिल्डर दिले होते आणि मुक्त झालेल्यांना आणखी १० वर्षं सक्तीच्या कराराने राबवलं होतं. २०२२ च्या डिसेंबरात त्यांच्या पंतप्रधानांनी माफी मागितली आणि २० कोटी युरो ठेवले, ते मुख्यतः जनजागृती आणि तत्सम कामांसाठी. मला माफीचं वावडं नाही. पण मालकांना जेव्हा दिले तेव्हा जनजागृती केली नव्हती, रोख दिले होते.

पैसे खरोखर हातात पडले तर काय होतं, याचंही एक उदाहरण आहे. हेन्रिएटा वूड १८४८ मध्ये ओहायोतल्या सिनसिनाटीत मुक्त झाली होती. १८५३ मध्ये तिला फसवून नदीपार, गुलामगिरी चालू असलेल्या केंटकी राज्यात नेलं आणि पुन्हा विकलं. मिसिसिपी, टेक्सास असा प्रवास करत युद्धानंतर ती परतली, आणि जो मनुष्य तिला पळवण्यामागे होता त्या झेब्युलन वॉर्डवर तिने २० हजार डॉलरचा दावा लावला. १८७८ मध्ये बारा गोऱ्या पंचांनी निकाल तिच्या बाजूने दिला. रक्कम मात्र २,५०० डॉलर केली, मागणीच्या अष्टमांश. वॉर्डने ती भरली. गुलामगिरीतच जन्मलेला तिचा मुलगा आर्थर तिच्याबरोबर शिकागोला आला, त्याने तिथे कायद्याचं शिक्षण घेतलं, घर केलं आणि पुढे अनेक वर्षं वकिली केली.